रविवर्मा प्रेस, कार्ला : पोस्टकार्डावरून कंपनीचा इतिहास कसा वाचायचा

संशोधनाला लागायच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांना सिनॉप्सिसची धास्ती असते. म्हणून आज माझ्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची गोष्ट सांगते. ते वाक्य असं होतं : "रविवर्मा प्रेसने मळवली येथे शिळाछापाने छापलेले पोस्टकार्ड."

हे कार्ड आमच्या घरातलं. पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात आजीचं घर आहे. तिच्या देव्हाऱ्यात काचेच्या चौकटीत तळहाताएवढी लक्ष्मी आहे. कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. तुमच्याही घरात हीच लक्ष्मी कुठे ना कुठे असेल, कॅलेंडरवर नाहीतर लग्नपत्रिकेवर. आमची लहान आहे इतकंच. चित्राच्या खाली इंग्रजीत बारीक अक्षरात 'रविवर्मा' असं छापलंय. आजी म्हणते, "मामंजींनी मुंबईवरनं कार्ड आणलं व्हतं." बस, एवढ्यावर मी माझं वाक्य लिहिलं.

गाइडनी वाचलं आणि पेन्सिलने त्याखाली चार रेघा मारल्या. एक रेघ 'रविवर्मा प्रेस'खाली, एक 'मळवली'खाली, एक 'शिळाछाप'खाली आणि एक 'पोस्टकार्ड'खाली. म्हणाल्या, "एका वाक्यात चार विधानं केलीयेस. यातल्या कशाचा पुरावा तुझ्याकडे आहे?" माझ्याकडे एकाचाही नव्हता. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, पश्चिम भारतातल्या जुन्या रंगीत छपाईच्या शाया हा माझा विषय, आणि घरातल्या चित्राबद्दल मी ऐकीव माहितीवर लिहून बसले होते. त्या चार रेघा पुसत पुसत मला या कंपनीचा इतिहास नीट वाचावा लागला. तो आता तुम्हाला सांगते.

सुरुवात मळवलीत नाही, मुंबईत होते. राजा रविवर्मा (१८४८ ते १९०६) हे त्रावणकोरातल्या किळिमानूरचे. तैलरंगात पुराणातले प्रसंग रंगवण्यासाठी त्यांचं नाव देशभर झालं होतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पुराणकथांवर चौदा चित्रं केली. त्यांची मागणी इतकी होती की एका चित्रकाराच्या हातून ती पुरी होणं शक्य नव्हतं. सर टी. माधवराव, जे आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण होते, त्यांनी आधीच सुचवलं होतं की काही निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत. ओलिओग्राफ म्हणजे रंगीत शिळाछापच, पण वरून वार्निश देऊन, कधी कॅनव्हासचा पोत उठवून तैलचित्रासारखा दिसेल असा केलेला. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा यांनी पुढे वेगळा मार्ग घेतला. चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी त्यांनी छापखानाच इकडे आणला. गोवर्धनदास खटाऊ मकनजी हे मुंबईतले व्यापारी भागीदार झाले, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले, आणि १८९४ मध्ये घाटकोपरला 'रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस' सुरू झाली. पहिलं छापील चित्र 'शकुंतलेचा जन्म'. मेनका बाळाला विश्वामित्रांपुढे धरते आणि ते तोंड फिरवतात, तेच ते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात रंगीत चित्रं छापण्याची ही पहिली खटपट नव्हती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली होती. कलकत्त्यातही त्याच सुमाराला आर्ट स्टुडिओ उघडला होता. त्यामुळे 'भारतातला पहिला' असं काही लिहायचा मोह झाला तर हात आवरा. असं वाक्य सर्वांत सोपं असतं आणि परीक्षक सर्वांत आधी तेच खोडतात. रविवर्मा प्रेसचं वेगळेपण इतकंच, की एका नामांकित चित्रकाराने स्वतःच्याच चित्रांसाठी युरोपीय दर्जाची यंत्रसामग्री आणून स्वतःचा कारखाना उभा केला. माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे, त्याला 'पहिला'ची झूल घालायची गरज नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. शिळाप्रेस म्हणजे नेमकं काय?

आलोइस सेनेफेल्डर या बव्हेरियन माणसाने १७९६ च्या सुमारास ही युक्ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, बस, सगळा खेळ तेवढ्यावर. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनला अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड मिळतो. तो घासून गुळगुळीत करायचा. त्यावर मेणचट, साबणमिश्रित खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग डिंक आणि अगदी सौम्य नायट्रिक आम्ल यांचं मिश्रण लावायचं. खडूतली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी जुळून तिथे पाण्याला दूर ठेवणारा थर बनतो, आणि मोकळ्या जागेत डिंकाचा पाणी धरणारा थर बसतो. आता दगड ओला करा आणि शाईचा रूळ फिरवा. शाई फक्त चित्रावर बसते, ओल्या जागेवर बसत नाही. कागद ठेवा, दाबा, छाप तयार. इथे अक्षरासारखा उठाव नाही की खोदकाम नाही, सगळा पृष्ठभाग एका पातळीत असतो. दहावीच्या प्रयोगशाळेत साबणाच्या पाण्याने केलेल्या प्रयोगाइतकंच हे साधं रसायन आहे, फक्त पार पाडायला फार कठीण.

कठीण कशामुळे? रंगांमुळे. एका दगडातून एकच रंग निघतो. म्हणजे लक्ष्मीची लाल साडी एका दगडावर, पिवळं सोनं दुसऱ्यावर, त्वचेचा फिका गुलाबी तिसऱ्यावर, पाण्याचा निळा चौथ्यावर... चांगल्या ओलिओग्राफला असे दहा-दहा दगड आणि त्याहून जास्तही लागत. दगडावर चित्र काढणारा कारागीर मूळ तैलचित्र समोर ठेवून मनातल्या मनात त्याचे रंग सुटे करी आणि प्रत्येक दगडावर त्या रंगापुरतेच हजारो ठिपके हाताने देई, तेही उलट्या दिशेने. मग तोच कागद प्रत्येक दगडावरून पुन्हा पुन्हा जाणार, आणि दरवेळी केसाएवढाही न सरकता जागेवर बसला पाहिजे. सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर.

एक साधा हिशेब करून बघा. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड दगड घेतला, घनता २.६ धरली, तर वजन नव्वद किलोच्या आसपास येतं. एका चित्राचे दहा दगड म्हणजे नऊशे किलो. पन्नास चित्रांचे दगड जपून ठेवायचे तर पंचेचाळीस टन. हा आकडा माझा, कागदावर मांडलेला, प्रेसच्या दप्तरातला नव्हे. पण तो मांडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की असा छापखाना हलवणं म्हणजे काय असेल.

आणि तो हलवावा लागला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, आणि पुढची काही वर्षं माणसं शहर सोडून पळत होती. यंत्रं जागेवर आणि कामगार गावाला, अशी अवस्था अनेक कारखान्यांची झाली. रविवर्मा प्रेसवर कर्ज चढत गेलं, भागीदारीही टिकली नाही. १८९९ मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला आली. पुणे-लोणावळा लोकलने तुम्ही गेला असाल तर कामशेतनंतरचं स्टेशन. लोहगड-विसापूरला जाणारे, भाज्याची लेणी बघणारे तिथेच उतरतात. आमच्या कोळवणहून तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत असा रस्ता आहे, दुचाकीवर सहज जाता येतं. मी गेले तेव्हा पाऊस होता. त्या दिवशी रेल्वेरूळ आणि डोंगर यांच्यामधली ती सपाट जागा पाहिली आणि नव्वद किलोच्या दगडांना रेल्वे इतक्या जवळ असण्याचा अर्थ लक्षात आला. तेव्हा इथे मुळशीचं धरण नव्हतं. सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा, म्हणजे वीसेक वर्षं पुढचा.

जागा बदलून कर्ज फिटलं नाही. प्रेस सुरुवातीपासून ज्याच्या तांत्रिक हातांवर चालली होती तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर, त्याला ती विकण्यात आली. विक्रीचं साल साधारणपणे १९०१ दिलं जातं. चित्रं छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. म्हणजे १९०६ मध्ये रविवर्मा वारले तेव्हा 'रविवर्मा प्रेस' त्यांची राहिलेली नव्हती. नाव मात्र तेच चालू राहिलं, कारण बाजारात किंमत त्या नावालाच होती.

इथे थांबून माझ्या वाक्याकडे परत या. 'रविवर्मा' हा शब्द कार्डावर असणं म्हणजे काय? तीन अर्थ होऊ शकतात. मूळ चित्र रविवर्म्यांचं आहे. किंवा छापखाना रविवर्म्यांच्या नावाचा आहे, चित्र दुसऱ्याच कुणाचं, कारण श्लायशरने पुढे इतर चित्रकारांकडूनही चित्रं काढून घेतली. किंवा चित्र रविवर्म्यांचं आहे पण छापलंय तिसऱ्याच कुणी, कारण या चित्रांच्या नकला सर्रास होत. चित्रकार, मालक आणि मुद्रक ही तीन माणसं आहेत, आणि माझ्या वाक्याने त्यांना एकाच खुर्चीत बसवलं होतं.

श्लायशरबद्दल थोडं अन्यायाने लिहिलं जातं असं मला वाटतं. त्याने दर्जा उतरवला, धंदेवाईक माल काढला, असा सूर अनेक ठिकाणी असतो. दर्जा उतरला हे खरंच आहे, दोन्ही काळातली चित्रं शेजारी ठेवली की दिसतं. पण रविवर्म्यांच्या हातात जी प्रेस कर्जात बुडाली, ती त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या हातात पुढे सत्तर वर्षं चालली. त्याने जाहिरातींची लेबलं छापली, व्यापारी काम घेतलं, छोट्या आकाराच्या वस्तू काढल्या. मघाचाच दगड घ्या. त्यावर एक मोठा ओलिओग्राफ बसतो. पोस्टकार्ड साधारण साडेपाच बाय साडेतीन इंचांचं, त्याच दगडावर कापायची जागा सोडूनही पंचवीसच्या आसपास बसतात. श्रम आणि शाई तेवढीच, विकायचे नग पंचवीस. हे गणित ज्याला कळलं तो टिकला.

आता पोस्टकार्डांकडे. सरकारी पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याचं. त्यावर चित्र नसे. चित्राची कार्डं जर्मनी-ऑस्ट्रियात लोकप्रिय झाली आणि १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातली चित्रंही अशा कार्डांवर दिसू लागली. बहुतेक छपाई युरोपात होई. छायाचित्र मुंबई-कलकत्त्याचं, कार्डाच्या पाठीवर मात्र जर्मनीत छापल्याचा उल्लेख, अशी ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आजही मिळतात. रंगीत छपाईत जर्मनांचा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं. लंडनच्या राफाएल टक कंपनीसारखे बडे प्रकाशकसुद्धा छपाईसाठी जर्मनीकडे वळत.

म्हणूनच मळवलीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर होते, पण छपाई मावळात होत होती. प्रेसमधल्या पॉल गेरहार्ट या जर्मन लिथोग्राफरने इथल्या माणसांची, नाचणाऱ्या बायकांची, रस्त्यावरच्या प्रसंगांची चित्रं असलेली सुरुवातीची कार्डं केली. पुढे रविवर्म्यांची चित्रंही कार्डांवर आली. आणि याच काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले आपले महादेव विश्वनाथ धुरंधर पोस्टकार्डांसाठी चित्रं काढत होते. मुंबईच्या रस्त्यावरची मोलकरीण, शिपाई, नटवी बाई अशी हलकीफुलकी, थट्टेखोर चित्रं. धुरंधरांची कार्डं पाहिली की वाटतं, इथे कुणीतरी आपल्याच माणसांकडे बघून हसतंय. गेरहार्टच्या कार्डांत तो जिव्हाळा मला दिसत नाही, तिथे पाहुण्याची नजर आहे. हे माझं मत, तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहा आणि भांडा माझ्याशी.

लोणावळ्याच्या या छपाईविश्वात अजून एक ओळखीचं नाव आहे : दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याआधी फाळके मुद्रण व्यवसायात होते. रविवर्मा प्रेससाठी ते फोटो-लिथो ट्रान्सफर करून देत, म्हणजे छायाचित्राच्या पद्धतीने प्रतिमा दगडावर उतरवायची तयारी. १९०८ मध्ये त्यांनी लोणावळ्याला स्वतःचं 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं. पुढे भागीदार मिळाल्यावर काम दादरला गेलं, त्याचं 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झालं, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला गेले. हा परिच्छेद नुसता रंजक म्हणून घातलेला नाही, पुढे तो लागणार आहे.

आता पुराव्याकडे. कंपनीचा इतिहास लिहायचा तर कंपनीचं दप्तर हवं : जमाखर्च, पगारपत्रकं, मागणीची पत्रं. १९७२ मध्ये मळवलीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि कारखाना नष्ट झाला. जुने छाप मोठ्या प्रमाणात गेले. त्यामुळे आतली बाजू सांगणारं साहित्य थोडं आहे. त्यात राजा राजा वर्मांची इंग्रजी रोजनिशी फार मोलाची. एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेल्बर्गर यांनी ती संपादित करून प्रसिद्ध केली आहे. त्याच दोघांचं या प्रेसच्या छापील चित्रांवरचं पुस्तकही आहे. या विषयाला हात घालणार असाल तर आधी ती वाचा. पण लक्षात ठेवा, राजा राजा वर्मा १९०५ मध्ये गेले, आणि पोस्टकार्डांचा खरा भर त्यानंतरचा. रोजनिशी जिथे संपते तिथे आपलं काम सुरू होतं.

मग उरतात ती कार्डंच. ती बोलतात, फक्त विचारायचं कसं ते माहीत हवं.

पहिलं, ठिकाणाची ओळ. सुरुवातीच्या छापांवर मुंबईचा उल्लेख असतो, नंतरच्यांवर लोणावळा किंवा कार्ला. प्रेस मळवलीत, पण छापलंय कार्ला! मी पहिले सहा महिने सूचींमध्ये 'मळवली' शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. लेण्यांमुळे कार्ल्याचं नाव बाहेरच्या जगाला माहीत होतं, मळवलीला कोण ओळखणार? हा माझा तर्क. पण यातून घ्यायचा धडा व्यावहारिक आहे : ज्या नावाने गाव तुम्हाला माहीत आहे त्याच नावाने ते कागदावर असेल असं धरू नका. एका ठिकाणाची सगळी नावं आणि इंग्रजीतली वेडीवाकडी स्पेलिंगं आधी वहीत लिहून काढा, मग शोधाला बसा.

दुसरं, पाठ. जुन्या कार्डांची पाठ सबंध पत्त्यासाठी राखलेली असे, मजकूर लिहायचा तर चित्राच्याच बाजूला, उरलेल्या जागेत. म्हणून सुरुवातीच्या कार्डांवर लक्ष्मीच्या पायाशी कुणाचीतरी खुशाली लिहिलेली दिसते. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पाठीचे दोन भाग करायला परवानगी मिळाली, जर्मनीत १९०५ ला, अमेरिकेत १९०७ ला, आणि आपल्याकडची कार्डंही त्याच वाटेने गेली. पाठ अखंड असेल तर कार्ड जुन्या घडणीचं.

तिसरं, तिकीट. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली, सातव्या एडवर्डची तिकिटं इथे १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ च्या अखेरीपासून. दर पाहा : देशातल्या देशात पोस्टकार्ड १९२२ पर्यंत पाव आण्यात जाई, मग अर्धा आणा झाला. पण इथे नवशिके हमखास घसरतात. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख ही कार्ड टाकल्याची तारीख असते, छापल्याची नव्हे. दुकानात दहा वर्षं पडून राहिलेलं कार्डही कुणीतरी टाकतंच. शिक्का फक्त एवढंच सांगतो की कार्ड त्या दिवसाच्या आधीचं आहे.

चौथं, आणि हे आपल्या विज्ञानवाल्यांचं : भिंग. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. हाताने काढलेल्या शिळाछापात ठिपके विस्कळीत दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ, आकार वेगवेगळे, कारण ते माणसाने दिलेले असतात. हाफटोनमध्ये ठिपके जाळीत बसवल्यासारखे रांगेने येतात, कारण ते छायाचित्र जाळीच्या पडद्यातून घेतलेलं असतं. कोलोटाइपमध्ये ठिपकेच नसतात, किड्यांनी कागद कोरल्यासारखी बारीक वळवळ दिसते. ही तीन चित्रं एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाहीत. रंग उडालाय का तेही बघा. त्या काळच्या काही गुलाबी शाया इओसिनसारख्या रंगांपासून केलेल्या असत आणि उजेडात भराभर उडत. पांढरं दिसणारं कमळ कदाचित पांढरं छापलेलंच नसेल.

एवढं सगळं शिकून मी आजीकडे गेले. कार्ड चौकटीतून काढून पाठ बघू दे म्हटलं. आजीने माझ्याकडे असं बघितलं की मी काही चोरी करायला आलेय. "देवाची पाठ कुठं बघत्यात व्हय? हात नको लावू." मी समजावलं, माझ्या अभ्यासाचं आहे, डिग्रीचं आहे. ती म्हणाली, "डिग्री होईल. लक्ष्मी हलवायची नाय." शेवटी तडजोड झाली : आंघोळ करून, चौकटीला हात न लावता, काचेवरून भिंग धरायचं.

मी धरलं. गडद रंगाचे ठिपके सरळ रांगेत होते. जाळी. पोटात गोळा आला, कारण 'शिळाछाप' हा सिनॉप्सिसमधला शब्द माझ्या अख्ख्या प्रकरणाचा पाया होता. मग भिंग साडीवर नेलं. तिथे तपकिरी जाळीच्या खाली लाल आणि गुलाबी रंग होते, आणि त्यांचे ठिपके विस्कळीत होते. पाण्याचा निळाही तसाच. म्हणजे आकृती छायाचित्राच्या पद्धतीने आलेली आणि रंग शिळाप्रेसच्या पद्धतीने खाली भरलेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधराएक वर्षांत पोस्टकार्डं अशी मिश्र पद्धतीने पुष्कळ छापली गेली. माझा शब्द पूर्ण चूक नव्हता, पूर्ण बरोबरही नव्हता. आणि पूर्ण बरोबर नसलेला शब्द सिनॉप्सिसमध्ये ठेवता येत नाही.

त्या क्षणी डोक्यात काय आलं असेल सांगा? फाळके! फोटो-लिथो ट्रान्सफर, रविवर्मा प्रेस, लोणावळा, सगळं जुळतंय! आजीच्या देव्हाऱ्यात दादासाहेब फाळक्यांच्या हातची प्रतिमा! मी तशी ओळ वहीत लिहिलीसुद्धा. रात्री जेवताना ती पुन्हा वाचली आणि तिच्याखाली मीच पेन्सिलने रेघ मारली. ही पद्धत त्या काळात कितीतरी छापखान्यांत चालत होती, मुंबईत, कलकत्त्यात, जर्मनीत. पद्धत जुळली म्हणून माणूस जुळत नाही.

दगडांवर ठिपके देणाऱ्या, रूळ फिरवणाऱ्या, कागद लावणाऱ्या माणसांची नावं कार्डावर कधीच नसतात. चित्रकाराचं असतं, प्रेसचं असतं. त्या विस्कळीत गुलाबी ठिपक्यांकडे बघताना मला सारखं वाटत होतं की हे कुणाच्या तरी हाताचं वळण आहे, एखाद्याच्या अक्षरासारखं. एकाच प्रेसची पुरेशी कार्डं भिंगाखाली घेतली तर ठिपके देण्याच्या सवयींवरून हात वेगळे ओळखता येतील का, हा आता माझ्या प्रबंधातला एक प्रश्न आहे. चौकटीत बंद असलेली एक लक्ष्मी त्याला पुरणार नाही, म्हणून सध्या संग्राहकांकडे जाऊन ठिकाणाची ओळ स्पष्ट असलेली कार्डं मोजून, फोटो काढून ठेवते आहे.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : "राजा रविवर्मा यांच्या चित्रावर आधारित, लहान आकाराचे रंगीत छापील चित्र, आकृती जाळीच्या पद्धतीने, रंग शिळाछापाने, मुद्रक व काळ पाठ पाहिल्यावर." गाइडनी यावर एकही रेघ मारली नाही. नुसतं विचारलं, "पाठ कधी बघणार?"

चौकटीची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. दिवाळीच्या आत नवी बसवून आण असं आजीनेच परवा फोनवर सांगितलं. पौडला चौकटी करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मीच घेऊन जाणार आहे, आजी बरोबर येतेय.